वेगाचे वचन आणि सुटकेचा हक्क

गृहसंकुलांच्या फाटकांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि वृत्तपत्रांत सरकवलेल्या पत्रकांवर हल्ली एक आकडा मोठ्या दिमाखाने मिरवत असतो. शंभर एमबीपीएस, दोनशे एमबीपीएस. वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास वर एक-दोन महिने मोफत. त्या आकड्याला चिकटून बारीक टंकात आणखी एक शब्द असतो : 'पर्यंत'. व्याकरणात हे साधे शब्दयोगी अव्यय आहे. पण ग्राहक आणि कंपनी यांच्यातील सारा व्यवहार त्याने फिरवून टाकला आहे. 'शंभरपर्यंत' म्हणजे शंभरही आणि तीनही. वाण्याने 'एक किलोपर्यंत साखर' अशी पाटी लावून पूर्ण किलोचे पैसे घेतले, तर त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंब हे मापातील पाप निमूटपणे सोसते.

या क्षेत्राला नियमच नाहीत, असे म्हणता येत नाही. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने 256 केबीपीएस वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटले. ही किमान मर्यादा 2013 मध्ये 512 केबीपीएस झाली आणि जानेवारी 2023 मध्ये 2 एमबीपीएस. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, 2006 मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे विनियम आणले आणि कबूल केलेल्या वेगाच्या 80 टक्क्यांहून अधिक वेग मिळाला पाहिजे, असे ठरवले. वाचायला हे समाधानकारक वाटते. पण तो वेग मोजायचा कोठून कोठपर्यंत? तर कंपनीच्या जवळच्या केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंत. त्या केंद्रापुढे, जेथे शेकडो घरांचे प्रवाह एकत्र येतात, तेथील कोंडी या मापात येतच नव्हती. 2009 मध्ये ट्रायने घरगुती जोडणीसाठी एका वाटणीत 50 पेक्षा अधिक ग्राहक नसावेत, असे प्रमाण घालून दिले. रात्री नऊच्या सुमारास, शाळेचा गृहपाठ, मालिका आणि परदेशातील मुलाशी बोलणे एकाच वेळी सुरू झाले की हे वाटणीचे गणित घराघरांत अनुभवास येते.

वापराची ठरावीक मर्यादा ओलांडल्यावर वेग कमी करण्याची प्रथाही अशीच. जाहिरातीत 'अमर्याद' आणि करारात 'न्याय्य वापर धोरण'! तो कमी केलेला वेगही 512 केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही, एवढे सांगायला 2016 ची अखेर उजाडावी लागली.

ऑक्टोबर 2024 पासून नवे एकत्रित विनियम लागू झाले, जुने रद्द झाले. मापदंड कडक झाले आणि ते न पाळणाऱ्या कंपनीवर आर्थिक दंडही वाढीव प्रमाणात आकारता येतो. हे स्वागतार्हच आहे. मात्र तो दंड नियामकाकडे जमा होतो. ज्याच्या घरात वेग मिळाला नाही, त्याच्या हाती काय पडते, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. जोडणी पूर्ण बंद पडली, तर तो 'बिघाड' ठरतो. त्याच्या दुरुस्तीला मुदत असते. 2006 च्या विनियमांत तर तीन दिवसांहून अधिक रखडलेल्या बिघाडासाठी भाड्यात सूट देण्याचीही तरतूद होती. पण जोडणी रांगत चालत असेल, तर तक्रार केंद्रातून उत्तर येते, "तुमची लाइन चालू दिसते आहे." मेलेल्या जोडणीला औषध आहे, आजारी जोडणीला नाही. आणि बहुसंख्य ग्राहकांचे दुखणे हे दुसऱ्या प्रकारचे असते.

भ्रमणध्वनीच्या ग्राहकाची स्थिती अशी नाही. 20 जानेवारी 2011 पासून देशभर आपला क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. नवी कंपनीच ती प्रक्रिया करते. जुनीची मनधरणी करावी लागत नाही. ग्राहक उठून जाऊ शकतो, ही एक भीती जे करते, ते दहा परिपत्रके करू शकत नाहीत. घरगुती ब्रॉडबँडला मात्र अशी व्यवस्था नाही. जोडणीबरोबर दूरध्वनी असेल, तर कंपनी बदलताच त्याचा क्रमांक जातो. बँकेपासून दूरच्या नातेवाइकांपर्यंत सर्वांना वर्षानुवर्षे दिलेला तो क्रमांक सोडणे घरातील ज्येष्ठांना नकोसे वाटते. त्यात वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले असतात. 'दोन महिने मोफत' ही सवलत म्हणजे खरे पाहता ग्राहकाच्या पायातील बेडी आहे. राहिलेल्या महिन्यांचे पैसे परत मागू गेले की अटींचा कागद पुढे येतो. शिवाय अनामत, 'मोफत' दिलेल्या राउटरची परतफेड, आणि अनेक इमारतींत तारेचा एकच मालक. सोसायटीच्या कार्यकारिणीने एकाच पुरवठादाराला गच्चीवर आणि जिन्यात वाट दिली, तर सभासदाला निवड कसली उरते? हा दोष कंपनीचा नव्हे, आपल्यातल्याच पदाधिकाऱ्यांचा आहे.

ब्रिटनमधील व्यवस्था या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तेथील नियामक 'ऑफकॉम'च्या आचारसंहितेत 1 मार्च 2019 पासून सुधारणा झाली. विक्रीच्या वेळीच कंपनीने त्या विशिष्ट घरासाठी किमान हमीचा वेग सांगायचा. प्रत्यक्ष वेग त्याखाली गेला, तर दुरुस्तीसाठी 30 दिवस. तेवढ्यात सुधारणा झाली नाही, तर ग्राहक कोणताही दंड न भरता करारातून मोकळा. त्याच तारेवरील दूरध्वनीचा करारही त्याबरोबर सुटतो. ही संहिता ऐच्छिक आहे, सही न केलेल्या कंपनीला ती बांधत नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढे 12 सप्टेंबर 2024 पासून तेथे केवळ नव्या कंपनीला कळवून जोडणी बदलण्याची सोय झाली. मूळ मुदत एप्रिल 2023 ची होती. म्हणजे विलंबाच्या बाबतीत तेही आपल्यापासून फार दूर नाहीत. पण त्या संहितेचे मर्म साधे आहे : दिलेले वचन मोडणाऱ्याने दुसऱ्याला त्याच वचनात बांधून ठेवू नये. हा न्याय समजण्यासाठी कोणाला लंडनला जावे लागत नाही. ट्रायच्या विनियमांत मात्र बिनदंड सुटकेचे असे कलम नाही, आणि तेच सर्वांत निकडीचे आहे.

तोवर ग्राहकाच्या हाती काहीच नाही, असे नव्हे. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने दूरध्वनीच्या तक्रारींना ग्राहक मंचाचे दार बंद झाले होते. तारयंत्र अधिनियमातील लवादाची तरतूद पुढे करून वर्षानुवर्षे तक्रारदारांना परत पाठवले गेले. फेब्रुवारी 2022 मध्ये त्याच न्यायालयाने खासगी दूरसंचार कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, असा निर्वाळा दिला, आणि 2023 च्या दूरसंचार अधिनियमानेही तो हक्क अबाधित ठेवला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही संकल्पना आली असून अवाजवी अनामत आणि प्रमाणाबाहेरचा दंड यांचा तिच्यात समावेश आहे. विनोद एवढाच, की सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. करारच अनुचित असल्याचे म्हणायचे, तर आठशे रुपयांसाठीही राज्य आयोगाचा उंबरठा गाठावा लागतो. 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी वर्गणी रद्द करणे मुद्दाम किचकट करून ठेवण्यालाही फसवी क्लृप्ती ठरवले आहे. दूरध्वनीवर चार वेळा थांबवून ठेवणाऱ्या 'ग्राहक सेवे'ला हे वर्णन चपखल बसते.

पुरावा मात्र ग्राहकानेच जमवला पाहिजे. वेग वाय-फायवर मोजू नये; भिंतींनी खाल्लेल्या वेगाचा दोष कंपनीला देता येत नाही. राउटरला तार जोडून, सकाळी आणि रात्री, काही दिवस मोजावा. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, हेही ध्यानात असावे. बिट आणि बाइट यांच्या गोंधळातून पुष्कळ खोटे भांडण होते. तक्रारीचा क्रमांक घ्यावा, समाधान न झाल्यास 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. त्याने 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आणि जोडणी बंद करायची ती लेखी कळवून, राउटर परत केल्याची पावती घेऊनच.

ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. पण नवे विनियम करण्यापूर्वी ते सल्लामसलतीचे मसुदे प्रसिद्ध करते, लोकांच्या सूचना मागवते आणि ग्राहक संघटनांची नोंदणीही करते. कंपन्यांचे वकील त्या मसुद्यांवर पानेच्या पाने लिहून धाडतात. 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो यायला 1986 उजाडले. बिनदंड सुटकेचे कलम मागणारी दोन पानांची सूचना लिहिण्यासाठी एखाद्या शाखेतील वा वस्तीतील चार निवृत्त माणसे पुरेशी आहेत.