संवाद नसले तरी मुलांना कळते



‘परदेशी कार्टून आपल्या मुलांच्या डोक्यावरून जातात’ असा सूर लावणारे पत्र वाचले. भाषेचा मुद्दा मान्य. बालवाडीतल्या पोराला सबटायटल कुठून वाचता येणार? पण लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिन्ट्स झिलबालोडिस यांच्या ‘फ्लो’ (2024) मध्ये एकही संवाद नाही. पुरात सापडलेले गडद करडे मांजर, होडीतला सुस्त कॅपिबारा, चकाकत्या वस्तू जमवणारा लेमूर. कोण कोणावर का रुसले, हे मुलांना बरोब्बर कळते. ‘ब्लेंडर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेल्या या चित्रपटाने 2025 मध्ये ऑस्कर पटकावले.

असे चित्रपट ‘संथ असतात’ ही तक्रार तर पटतच नाही. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘माय नेबर टोटोरो’त (1988) टोटोरो हा अवाढव्य केसाळ वनप्राणी भर पावसात बसथांब्यावर छत्रीवरचे टपटपणारे थेंब ऐकत उभा राहतो आणि मग धप्पकन उडी मारून झाडांवरचे सगळे पाणी खाली पाडतो. घाई मुलांना असते की (खरे सांगा) आपल्याला?

अर्थात, प्रत्येक परदेशी कार्टून मुलांसाठीच असते असे नाही. जपानमध्ये ‘टोटोरो’च्या जोडीनेच ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ प्रदर्शित झाला होता. युद्धात उपासमारीने जीव गमावणाऱ्या भावंडांची ती गोष्ट लहानग्यांसाठी नाही. तेव्हा पालकांनी चित्रपट आधी स्वतः पाहावा, मगच मुलांना दाखवावा.

– एक वाचक, सातारा