खातं बाईचं, ओटीपी नवऱ्याचा

पॅन कार्डावर नवऱ्याचं नाव नसतं. लग्न होवो, मोडो, बाईचा क्रमांक तोच राहतो. पण मैत्रिणींनो, त्या क्रमांकामागचं आयकर खातं कोणाच्या हातात आहे?

आमच्या केंद्रात एक बाई पोटगीच्या दाव्याचे कागद घेऊन आली. शिवणकामाचं दुकान चालवते. विवरणपत्र दरवर्षी "भरलं जातं" म्हणाली. भरतो नवऱ्याचा हिशेबनीस. पासवर्ड त्याच्या वहीत, ई-मेल त्याच्याच कचेरीचा, मोबाइल नवऱ्याचा. आमच्या अकाउंटंट मैत्रिणीने पासवर्ड बदलायला घेतला, तर ओटीपी नवऱ्याच्या फोनवर! ज्याच्याविरुद्ध दावा, त्यालाच विचारायचं, "आकडा सांगता का?" आधारला जोडलेला मोबाइलही त्याचाच. शेवटी आधार केंद्रात स्वतः जाऊन, बोटांचे ठसे देऊन तिने आपला नंबर लावला, तेव्हा कुठे खातं उघडलं.

उघडलं, आणि बाई गप्पच झाली. नोव्हेंबर २०२१ पासून तिथे वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, दिसतं. बँकांचं व्याज, कापलेला टीडीएस, शेअर, घर-जमिनीचे व्यवहार. तिच्या पॅनवर चार मुदत ठेवींचं व्याज होतं. तिला एकही ठाऊक नव्हती.

हा नुसता मनस्ताप नाही. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं असं सांगितलं. हिने शपथेवर लिहिलं असतं "माझ्या नावावर ठेव नाही", आणि समोरच्या वकिलाने कागद काढला असता, तर खोटारडी कोण ठरली असती? आयकराची नोटीस निघाली तरी ती जाणार हिशेबनिसाच्या ई-मेलवर, आणि जाब द्यायचा बाईने.

हिशेबनिसांचंही रडगाणं आहे, आणि ते खोटं नाही. ७ जून २०२१ ला नवं संकेतस्थळ आलं ते अडखळतच. सप्टेंबरअखेरची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत न्यावी लागली. दर अशिलाला ओटीपीसाठी फोन करत बसायचं, तर काम कधी उरकायचं? मान्य. पण ही सोय नेमकी कोणाची? घरातल्या पुरुषाला विचारलं की बाईला विचारल्यासारखंच, हे या धंद्याने कोणाच्या परवानगीने ठरवलं? बाईच्या कमाईवर, बाईच्या सहीने चाललेल्या कामात तिचा फोन नंबर मागायला किती वेळ लागतो?

आणि खात्याला आमचा सवाल आहे. बाईच्या खात्यात दुसऱ्याचा मोबाइल नोंदवताना तिला स्वतःला कोणी विचारलं का, हे तुम्ही कसं तपासता?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने पॅन, आधार आणि स्वतःचा फोन घेऊन यावं. खाती तिथेच उघडू. ज्यांचा ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जाईल, त्यांनी लाजू नये. आमच्या कार्यकर्त्यांपैकी तिघींचा तसाच गेला.