मोटारीचे तेल आणि अर्धे वाचलेले वाक्य

शाळेच्या वार्षिकांकात मोटारीच्या तेलावर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. शिवाय आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. यंत्रशास्त्राचे शिक्षण आम्हांस नाही आणि पान्यास हात लावण्याची सवयही नाही. परंतु ज्या चुकीमुळे आम्हांस या विषयाकडे वळावे लागले, ती चूक यंत्राची नसून वाचनाची होती, आणि म्हणूनच तिच्याविषयी विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे चार शब्द मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

इंजिनातील तेल किती दिवसांनी बदलावे? प्रश्न साधा दिसतो. पण दहा जणांस विचारावा, तर दहा उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो तीन हजार किलोमीटर, कोणी पाच, कोणी दहा. कोणी तर ‘तेल काळे पडले की बदलावे’ असे सांगून मोकळा होतो. आमचे स्वतःचे उत्तर ठरलेले होते. मोटारीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत ‘१०,००० किलोमीटर’ असा आकडा आम्ही वाचला होता, आणि तो आमच्या मनात पक्का बसला होता.

आमची मोटार लहान, पेट्रोलवर चालणारी. घरापासून शाळा चार किलोमीटरांवर. सकाळी चार, दुपारी चार, आणि कधीमधी बाजारहाट वा एखादी जत्रा, एवढाच तिचा संसार. २०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही तेल बदलून घेतले. २०२० च्या मार्चपासून शाळा बंद झाल्या आणि मोटार अंगणातल्या मांडवाखाली महिनोन्‌महिने उभी राहिली. पुढे शाळा सुरू झाल्या, तरी आकडा काही दहा हजारांस पोचेना. आम्ही मनाशी समाधान मानीत होतो, की अजून पुष्कळ अवकाश आहे.

२०२२ च्या जुलै महिन्यात एका पावसाळी सकाळी आईला डॉक्टरांकडे दाखविण्यासाठी आम्ही फोंड्याकडे निघालो होतो. एका चढणीवर समोरच्या फलकावर तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा लागला. मोटार तर नीट चालत होती. तेव्हा आम्ही आईस म्हणालो, “काही नाही गं, दिवा आहे नुसता. वर पोचल्यावर पाहू.” वर पोचेपर्यंत इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली आणि थोड्याच वेळात मोटार उभी राहिली. आईला भर पावसात दुसऱ्याच्या वाहनातून पुढे न्यावे लागले. तिने एका शब्दानेही दोष दिला नाही. ते अधिकच लागले.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी इंजिनाचे वरचे झाकण काढून बोट आत फिरविले आणि ते आमच्यापुढे धरीत आमच्याच मातृभाषेत म्हटले, “मास्तर, हें तेल न्हय, हो चिखल.” मग त्यांनी पुस्तिका मागितली आणि तेच पान उघडून आमच्या हाती दिले. तेथे लिहिले होते: दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी होईल ते. खाली आणखी एक ओळ होती, की वारंवार थोड्या अंतराचा प्रवास, धुळीचे रस्ते अशा कठीण वापरात ही मुदत निम्म्यावर आणावी. आम्ही आकडा तेवढा वाचला होता. ‘किंवा’ वाचला नव्हता आणि पुढचे वाक्य तर नव्हतेच. मोटार ६,८०० किलोमीटर चालली होती. पण महिने उलटले होते एकोणचाळीस. प्रश्न अर्धा वाचून लिहिलेल्या उत्तरांवर वर्षानुवर्षे लाल शाईने रेघ मारणाऱ्या शिक्षकास त्या दुरुस्तीपायी दीड महिन्याचे वेतन मोजावे लागले.

आता, न चालणाऱ्या मोटारीचे तेल बिघडते कसे? हे समजून घेतल्यावाचून नियम पटत नाही, आणि न पटलेला नियम फार काळ पाळला जात नाही. इंजिनातील तेल केवळ वंगण नव्हे. ते धातूंच्या भागांमध्ये पातळ थर होऊन झीज टाळते, उष्णता वाहून नेते, जळणातून निर्माण होणारी काजळी व मळ आपल्यात धरून ठेवते आणि गंज रोखते. या कामांसाठी मूळ तेलात निरनिराळी रसायने मिसळलेली असतात, आणि ती काम करता करता खर्ची पडतात. तेल संपलेले नसते, पण त्यातील गुण संपलेला असतो. म्हणून कमी झालेल्या तेलात वरून नवे तेल ओतणे म्हणजे तेल बदलणे नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळले, की त्यातून सुमारे तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक धुराड्यावाटे बाहेर जाते. परंतु थोडीशी वाफ व न जळलेले पेट्रोल दट्ट्याच्या कड्यांजवळून खाली तेलात उतरते. दूरच्या प्रवासात तेल चांगले तापते आणि हा अंश पुन्हा उडून जातो. चार किलोमीटरांच्या फेरीत मात्र तेल पुरते तापण्यापूर्वीच आपण किल्ली फिरवितो. पाणी तेलातच राहते, रोज थोडे थोडे साचते, आम्लता वाढते आणि कालांतराने त्याचा गाळ बनतो. तो गाळ तेल ओढणाऱ्या जाळीत अडकला, की तेलाचा दाब पडतो आणि लाल दिवा लागतो. हा दिवा लागताच मोटार कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे, एवढी एक गोष्ट जरी या लेखातून वाचकांच्या ध्यानात राहिली, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.

तात्पर्य, कमी चालणारी मोटार सुखात असते हा भ्रम आहे. मुंबईला नित्य ये-जा करणाऱ्या मोटारीहून गावातल्या गावात फिरणाऱ्या मास्तरांच्या मोटारीचे तेल प्रत्येक किलोमीटरामागे अधिक लवकर बिघडते.

या विषयास दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर आम्ही पुन्हा अर्धेच वाक्य वाचल्यासारखे होईल. आमच्या चुकीच्या नेमकी उलट चूक करणारे लोकही पुष्कळ आहेत. ते भीतीपोटी दर तीन हजार किलोमीटरांना तेल बदलतात. हा धाक जुन्या काळातून आलेला आहे. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या पुस्तिकेत सुमारे ७५० मैलांनी, म्हणजे १,२०० किलोमीटरांनी तेल काढून टाकावे असे सांगितलेले असे. तेव्हाचे तेल आणि तेव्हाची इंजिने पाहता ते योग्यच होते. पुढे अमेरिकेत ३,००० मैलांचा दंडक रूढ झाला. तेले सुधारली, इंजिने सुधारली, पुस्तिकांतील मुदती वाढल्या. पण लोकांच्या मनातील आकडा काही हलला नाही. शेवटी कॅलिफोर्नियातील कचरा-व्यवस्थापनाच्या सरकारी खात्यास लोकांना मुद्दाम सांगावे लागले, की सवयीने तेल बदलू नका, आपल्या मोटारीची पुस्तिका उघडून पाहा. कचऱ्याच्या खात्यास याची काळजी का पडावी, हे पुढे कळेल.

समजा, एक मोटार वर्षाला ९,००० किलोमीटर चालते आणि तिच्यात साडेतीन लिटर तेल मावते. तीन हजारांचा नेम धरला, तर वर्षाला साडेदहा लिटर तेल लागेल. पुस्तिकेप्रमाणे वर्षातून एकदा बदलले, तर साडेतीन. म्हणजे सात लिटर तेल विनाकारण विकत घेतले आणि सात लिटर काळे तेल विनाकारण निर्माण केले. पैशाचा अपव्यय ज्याचा त्याला. काळ्या तेलाचे मात्र तसे नाही.

आपल्याकडे हे जळके तेल कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, नाही तर माडामुळी ओतून देतात. आमच्याही घरी हे होत असे. परंतु या तेलात धातूंचे सूक्ष्म अंश आणि जळणातून आलेली घातक द्रव्ये असतात. आपली जमीन जांभ्या दगडाची, म्हणजे सच्छिद्र. तिच्यावर ओतलेले जिरत जिरत कोठे जाणार, हे सांगावयास नको. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो, तिच्याजवळ हे ओतणे म्हणजे स्वतःच्याच घागरीत ओतणे होय. आपल्या देशाच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. शुद्धीकरण करून त्यापासून पुन्हा उपयुक्त तेल काढता येते. म्हणून जे कारखाने ते साठवून अधिकृत शुद्धीकरणाकडे पाठवितात, तेथेच तेल बदलून घ्यावे, आणि ‘हे पुढे कोठे जाते?’ असे विचारण्याचा संकोच धरू नये.

तेल काळे पडले म्हणजे निकामी झाले, हा समजही सोडून द्यावा. मळ आपल्यात धरून ठेवणे हेच तेलाचे काम असल्याने ते काळे होणारच. डिझेलच्या इंजिनात तर फारच लवकर. रंगावरून मुदत ठरत नाही. मात्र महिन्यातून एकदा मोटार सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून थोड्या वेळाने, तेलाची पातळी दाखविणारी पट्टी ओढून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी, आणि तेल दुधट दिसल्यास मेस्त्रींस दाखवावे.

मग आमचे मत काय? मुदत पुस्तिकेची मानावी, शेजाऱ्याची नव्हे. आणि ती पूर्ण वाचावी. लांब पल्ल्याने चालणाऱ्यांनी किलोमीटर मोजावेत, आमच्यासारख्या गावफेरी करणाऱ्यांनी महिने मोजावेत. परंतु महिने लक्षात राहत नाहीत, हा आमचा अनुभव आहे. त्यावर आम्ही एक युक्ती योजिली आहे. दसऱ्याला आपण वाहन धुऊन त्यास झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू लावतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात तेल व तेलाची गाळणी बदलून घ्यावी. पावसाळ्यात साचलेली ओल तेणेकरून निघून जाते. ज्यांच्या पुस्तिकेत कठीण वापरासाठी सहा महिन्यांची मुदत दिली आहे, त्यांनी दुसरी वेळ गुढीपाडव्याची धरावी. दसरा ते पाडवा हे अंतर सुमारे साडेपाच महिन्यांचे आहे. बाहेरून झेंडू आणि आत चिखल, अशी पूजा आम्ही तीन वर्षे केली. ती कोणत्या देवास पोचली असेल, याची आता लाज वाटते.

दुचाकीवाल्यांनी तर अधिक जागरूक असावे. स्कूटरच्या इंजिनात बहुधा लिटरभरही तेल नसते, आणि पुष्कळ मोटारसायकलींत तेच तेल इंजिन, गिअर आणि क्लच या तिहींची सेवा करते. त्यामुळे त्यांची मुदत मोटारीहून पुष्कळ कमी असते. मोठ्या भावाची मोटारसायकल दिमाखात पुसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे त्याच्या कानी घालावे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींस इंजिनतेल लागत नाही, तेव्हा ही चर्चा लवकरच कालबाह्य होईल, असे कोणी म्हणेल. होवो बापडी. पण आज दारात उभी असलेली वाहने अजून कित्येक वर्षे चालावयाची आहेत, आणि नव्या वाहनांबरोबरही पुस्तिका येतेच.

विद्यार्थिमित्रहो, या सुट्टीत तुम्हांस एकच गृहपाठ. घरातील वाहनाची पुस्तिका शोधून काढा. ती बहुधा अजून प्लास्टिकच्या पिशवीत असेल. तेलाचे पान उघडा आणि आईवडिलांस ते वाक्य शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवा. मध्ये ‘किंवा’ आला, तर तेथे थांबू नका. आम्ही थांबलो होतो.