रेस पीटीओची, चाल गिअरची

द्राक्षबागेतल्या दोन ओळींमधले गवत स्लॅशरने कापायचे असो किंवा ऊसतोडीनंतर खोडव्यातले पाचट मल्चरने कुट्टी करायचे असो, यंत्र जोडले की पहिला प्रश्न येतो तो रेस किती ठेवायची हा. त्याची दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक पक्ष सांगतो, रेस कमी ठेवा. डिझेल वाचते, इंजिनाची झीज कमी होते, यंत्रही शांत चालते. दुसरा सांगतो, रेस पूर्ण ओढा. गवत कितीही दाट असले तरी उडून जाईल. पहिल्या मतामागे डिझेलच्या खर्चाची खरी चिंता आहे, दुसऱ्यामागे अर्धवट कापल्या गेलेल्या बागेचा वैताग. म्हणून दोन्ही मते नीट तपासली पाहिजेत. तपासल्यावर मात्र दोन्ही चुकीची ठरतात, आणि कारण एकच आहे. दोन्ही पक्ष इंजिनाचा आवाज ऐकून निर्णय घेतात. गवत कापणाऱ्या पात्याचा वेग किती असायला हवा, हे कोणीच विचारत नाही.

पीटीओ शाफ्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती जोडलेल्या यंत्राकडे नेणारा दांडा. त्याचे मिनिटाला सुमारे 540 फेरे हे माप अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांनी 1920च्या दशकात ठरवले. एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला जोडता यावे, हा त्यामागचा हेतू होता. 540साठी बांधलेल्या स्लॅशरचा गिअरबॉक्स, पात्याची लांबी आणि वजन हे सगळे त्याच आकड्याच्या हिशेबाने ठरते. समजा, पाते दीड मीटर व्यासाचे वर्तुळ कापते आणि पीटीओ 540वर असताना ते मिनिटाला 1000 फेरे घेते. मग पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 78 मीटर होतो. पीटीओ 380वर आणला, तर तोच वेग 55 मीटरवर येतो. वेग तीस टक्क्यांनी घटलेला दिसतो, पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती जवळजवळ निम्मी होते. विळ्याने गवत कापताना डाव्या हाताची मूठ त्याला आधार देते. स्लॅशरला अशी मूठ नसते. गवत वाकून निसटण्याआधी तुटायला हवे, आणि ते काम केवळ पात्याचा वेग करतो. तो कमी पडला की बारीक गवत पात्याखाली लवते, जाड बुडखा पिंजला जातो आणि पाचटाचे लांब तुकडे राहतात. असे तुकडे कुजायला वेळ घेतात आणि पुढच्या मशागतीत अवजारात गुंततात.

आता डिझेलचा मुद्दा. कमी रेसवर तासाला डिझेल कमी लागते, हे खरे आहे. पण शेतकऱ्याचे काम तासात मोजून होत नाही, ते एकरात होते. नीट न कापलेल्या पट्ट्यावरून ट्रॅक्टर पुन्हा फिरवावा लागला, की तासामागे वाचवलेले डिझेल त्या दुबार फेरीत जळून जाते. वर मजुरी आणि वेळ वेगळाच. एकराच्या दराने भाड्याचे काम होते तेव्हा कमी रेस आणि वरचा गिअर ही जोडी चालकाला सोयीची असते, कारण काम लवकर उरकते. निकृष्ट कापणीचा खर्च मात्र बागायतदाराकडे जातो.

इंजिनाची झीज वाचते, हा दावा तर उलटाच आहे. ट्रॅक्टरचा गव्हर्नर भार वाढला की जास्त इंधन सोडून वेग टिकवतो. डिझेल इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क कमाल शक्तीच्या वेगापेक्षा खालच्या फेऱ्यांवर मिळतो. त्यामुळे योग्य रेसवर चालणारे इंजिन दाट गवतात थोडे दबले, तरी त्याची ओढ वाढते आणि ते सावरते. आधीच खालच्या फेऱ्यांवर ठेवलेल्या इंजिनाकडे ही राखीव ताकद नसते. ते काळा धूर सोडत दबत जाते आणि अखेर बंद पडते. पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनाच्या वेगाने फिरत असतील, तर नेमक्या त्या भाराखाली थंडावाही कमी पडतो. शिवाय शक्ती म्हणजे टॉर्क आणि वेग यांचा गुणाकार. तेवढीच शक्ती 540ऐवजी 380 फेऱ्यांवर न्यायची, तर शाफ्ट, क्रॉस आणि गिअरबॉक्सला सुमारे 40 टक्के जास्त पीळ सोसावा लागतो. वेग घटल्यावर पात्याला होणारा हवेचा विरोध कमी होतो, तेवढी सूट यात धरली पाहिजे. पण दाट गवतात मुख्य भार कापण्याचा असतो, आणि वेग कमी केल्याने तो हलका होत नाही.

पूर्ण रेसवाल्यांचे उत्तर थोडक्यात देता येते. अनेक ट्रॅक्टरांवर पीटीओचे 540 फेरे इंजिनाच्या कमाल वेगाच्या आधीच मिळतात. त्यापुढची रेस पात्याला ठरल्यापेक्षा जास्त पळवते, बेअरिंग तापवते, कंप वाढवते आणि दगड उडालाच तर तो अधिक जोराने फेकते. दोन पीटीओ वेग असलेल्या ट्रॅक्टरवर लिव्हर चुकीच्या जागी असेल, तर धोका आणखी वाढतो.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की काही ट्रॅक्टरांना इकॉनॉमी पीटीओ असतो आणि त्यात इंजिन कमी फेऱ्यांवर चालते, मग कमी रेस चूक कशी? पण तिथेही शाफ्ट 540नेच फिरतो; बदलते ते फक्त गिअरचे प्रमाण. ट्रॅक्टर मोठा आणि गवत विरळ असेल, तर ती सोय जरूर वापरावी, डिझेल खरोखर वाचते. दुसरा आक्षेप दगडाळ जमिनीचा. तिथे रेस कमी करणे सुरक्षित वाटते, पण 55 मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी जवळजवळ 200 किलोमीटर. त्या वेगाने सुटलेला दगडही जीव घेऊ शकतो. उपाय आहेत ते दगड वेचणे, पात्याची उंची वाढवणे, संरक्षक साखळ्या शाबूत ठेवणे आणि माणसांना दूर ठेवणे. तिसरा आक्षेप, जुने यंत्र 540वर थरथरते. असे यंत्र पात्याचे संतुलन बिघडल्याचे किंवा बेअरिंग गेल्याचे सांगत असते. रेस कमी करून ती तक्रार दाबू नये, यंत्र दुरुस्त करावे.

मग योग्य पद्धत कोणती? बहुतेक ट्रॅक्टरांच्या आरपीएम मीटरवर 540ची खूण असते, किंवा ते किती इंजिन फेऱ्यांवर मिळतात हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालांतही पीटीओच्या प्रमाणित वेगावरची शक्ती आणि इंधनाचा खप वेगळा नोंदवलेला असतो. मीटर बंद असेल तर डिजिटल टॅकोमीटरने लांबून मोजून हाताच्या रेसच्या लिव्हरवर रंगाची खूण करावी. पीटीओ नेहमी कमी रेसवर जोडावा, मग सावकाश रेस वाढवून खुणेवर आणावी आणि काम संपेपर्यंत ती हातानेच स्थिर ठेवावी. गवत दाट लागले आणि इंजिन दबू लागले, तर रेसला हात न लावता थांबून खालचा गिअर घ्यावा. इंजिनाची रेस पात्यासाठी असते, ट्रॅक्टरची चाल गवतासाठी. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या की डिझेल, यंत्र आणि बाग तिन्ही सांभाळली जातात. या हंगामात स्लॅशर जोडण्याआधी प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने आपल्या ट्रॅक्टरचे 540 कुठे मिळतात हे एकदा शोधावे आणि चालकाला ती खूण दाखवून द्यावी.