सुरीचा नाद

माणसाला कसला नाद लागेल याचा नेम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी गुलाबाची कलमे बांधतो. माझे एक सहकारी दर पावसाळ्यात रंधा धबधब्याचे तेच छायाचित्र नव्या उत्साहाने काढतात. हे सगळे नाद प्रतिष्ठित समजले जातात. पण मराठीचा प्राध्यापक दर रविवारी लोहाराच्या भात्यावर जाऊन सुऱ्या करतो, असे म्हटले की समोरचा माणूस जरा सावरून बसतो.

या सदराच्या वाचकांनी व्याकरणापासून वरणापर्यंत माझे पुष्कळ ऐकून घेतले आहे. सुऱ्यांचा विषय मी आजवर टाळला, याला कारण घरातले वातावरण. आमच्या सौभाग्यवतींचे या बाबतीतले मत एका वाक्यात मावते : "तुमच्या अकरा सुऱ्यांनी मिळून माझ्या आईच्या विळीइतकी मेथी चिरून दाखवावी, मग बोलू." पण दिवाळी अंकात जागा ऐसपैस असते आणि सणासुदीला घरातल्या माणसांचाही राग फार टिकत नाही. तेव्हा आज बोलून टाकतो.

मी राजूरला नोकरीसाठी आलो तेव्हा पेन्सिलीला टोक करण्यापलीकडे पात्याशी माझा संबंध नव्हता. शहरात वाढलेल्या माणसाला हत्यार म्हटले की संग्रहालयातले काचेचे कपाट आठवते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात लहानपणी अडकित्ते पाहिले होते, तेवढीच ओळख. अकोले तालुक्याच्या या कोपऱ्यात मात्र पाते कपाटात नसते, कमरेला असते. भंडारदऱ्याच्या अंगाच्या वाड्यांतून बाजाराला उतरणारे वयस्क ठाकर आणि महादेव कोळी पाहा. कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता. भातरोपांच्या राबासाठी झाडाचे टहाळ तोडायचे, सरपण फोडायचे, करवंदीची जाळी साफ करायची, बांबू चिरायचा. सगळे त्या एका पात्यावर.

भात्यावर मी पहिल्यांदा गेलो तो विळी शेवटून आणायला. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, झिजलेले हत्यार तापवून, ठोकून त्याची धार पुन्हा उभी करणे म्हणजे शेवटणे. विळीचे काम अर्ध्या तासाचे होते. मी उठलो तो दुपारी. आमचे लोहारमामा ट्रकचा मोडका पाटा तापवून त्याचा कोयता करत होते, आणि ते सोडून जाववेना.

पाटा म्हणजे चाकावरच्या कमानीतली पोलादी पट्टी. हजारो मैल खड्डे खाऊन ती मोडते आणि भंगारात येते. या पोलादात शंभर भागांत जेमतेम अर्धा-पाऊण भाग कार्बन असतो. पण सगळी करामत त्याची. पाटा लाल करून ठोकला की पात्याचा आकार येतो, पण ते अजून मुकेच असते. मग ते पुन्हा तापवायचे. साधारण ७७० अंश सेल्सिअसला लोखंड लोहचुंबकाला ओळख देईनासे होते. त्याच्या थोडे पुढे गेले की पात्याला पाणी द्यायची वेळ झाली. मामांजवळ लोहचुंबक नाही. ते दाराला पोते लावून अंधार करतात आणि रंग बघतात. रंग मनासारखा आला की पाते तेलात. चर्र आवाज होतो, धूर उठतो आणि पाते काचेसारखे कठीण होते, काचेसारखेच ठिसूळही. म्हणून ते घासून उजळायचे आणि मंद आचेवर हळूहळू ऊब द्यायची. आता त्याच्यावर रंग पळू लागतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा सव्वादोनशे अंशांच्या आसपास येतो, निळा तीनशेच्या. सुरी पिवळ्यावर धरायची, म्हणजे धार टिकते. कोयत्याला घाव सोसायचे असतात, त्याला निळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. पिवळा आणि जांभळा यांच्यामध्ये डोळ्याचे पाते लवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मिळतो. मामा बोलत बोलत धरतात. मी श्वास रोखून धरतो.

पाणीदार माणूस, पाणी जोखणे, धार चढणे असे शब्द मी वर्गात वर्षानुवर्षे समजावतो आहे. भात्यापाशी या शब्दांना वजन येते. शब्दांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. आपली सुरी संस्कृत छुरिकेची मुलगी, चाकू फारसीच्या वाटेने आलेला पाहुणा आणि अडकित्ता कानडी. अडकी म्हणजे सुपारी आणि कत्ती म्हणजे सुरी. एका स्वयंपाकघरात तीन मुलुख नांदतात आणि भाजीला त्याचा पत्ताही नसतो. असो.

या कामाचा एवढा अभिमान का वाटावा, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या पेशात काम झाले की नाही हे कधी नक्की कळत नाही. व्याख्यान रंगले का, यावर मतभेद होऊ शकतात. प्रबंध चांगला की सामान्य, यावर तर दोन परीक्षक हमरीतुमरीवर येतात. पिकलेल्या टोमॅटोवर मात्र मतभेद होत नाहीत. सुरी आपल्या भाराने आत उतरते किंवा उतरत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला इतका स्वच्छ निकाल दुसरीकडे कुठे मिळायचा?

आणि या वेडात मी एकटा नाही, हेही समाधान आहे. १७९४ मध्ये मुंबईतल्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टराने दक्षिणेत होणाऱ्या 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सनने त्यावर सोसायटीपुढे निबंध सादर केला. पण निबंधापेक्षा मला त्यातली एक बारीक गोष्ट आवडते. स्टोडार्ट नावाच्या सुरीकाराकडून त्या पोलादाचा एक लहानसा चाकू करवून घेण्यात आला, लेखणीला टोक काढण्याचा! पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरेडेने पोलादाचे प्रयोग केले. फॅरेडे लोहाराचा मुलगा. विजेच्या शोधांनी जगाला दिपवणारा हा माणूस आपल्या पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट देत असे. हा भाग वाचल्यापासून तो मला फार जवळचा वाटतो.

अमेरिकेतली गोष्ट याहून मासलेवाईक आहे. १९५३ साली बॉब लव्हलेस नावाचा एक खलाशी न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात रँडॉल यांची प्रसिद्ध सुरी विकत घ्यायला गेला. नऊ महिने थांबावे लागेल, असे उत्तर मिळाले. गडी चिडला. त्याने भंगारातल्या पॅकार्ड मोटारीचा पाटा मिळवला आणि स्वतःच सुरी केली. पुढे त्याच दुकानात त्याच्या सुऱ्या विकल्या जाऊ लागल्या, आणि २०१० मध्ये तो वारला तेव्हा जगभरचे शौकीन त्याच्या पात्यांसाठी वाटेल ती किंमत मोजत होते. म्हणजे पाटा तिकडेही पाटाच! त्या देशात १९७६ साली पातेकारांची एक सोसायटीही निघाली. तिची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. लोंबता एक इंची दोर एका घावात तुटला पाहिजे. त्याच पात्याने लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची आणि त्यानंतर हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पाते शेगड्यात धरून काटकोनात वाकवायचे. त्याचे तुकडे पडता कामा नयेत.

मी ही परीक्षा मामांना मोठ्या कौतुकाने सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मंग त्या वाकवलेल्याचं काय करत्यात?"

"काही नाही. परीक्षा झाली."

"आसं," मामा म्हणाले आणि घण उचलला.

मामांचा हा 'आसं' मला बरेच दिवस टोचत राहिला. त्यांना एका कोयत्याला अर्धा दिवस पुरतो. मला एका सुरीला सहा रविवार लागतात, कारण कानस मारताना मला कुठे थांबावे ते ठरवता येत नाही. अजून जरा, अजून जरा असे करत संध्याकाळ होते. शिसवीची मूठ मी आरशासारखी उजळतो. पात्याच्या मुळाशी माझ्या नावाचे आद्याक्षर कोरतो. मग ती सुरी तेल लावून कपड्यात गुंडाळतो, पाहुणे आले की उलगडतो आणि पाहुणे गेले की पुन्हा गुंडाळतो. सोन्याची सुरी म्हणून कोणी उरी मारून घेत नाही हे खरे, पण तिने काकडी कापायलाही कोणी धजत नाही! दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, माझ्या अकराही सुऱ्या पाटावर मांडल्या जातात. विळीही असते. सौभाग्यवती हळदकुंकू आधी विळीला वाहतात आणि मग माझ्याकडे बघतात. एकदा त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला काढला. ते मुंबईला व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकच होते, पण त्यांच्या हातून निदान कडबा कापायचे यंत्र आणि नांगर झाले, असे त्यांचे म्हणणे. याला मजजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी कायद्याकडे वळलो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे शस्त्र परवान्यावाचून चालत नाही. मात्र घरकामाच्या व शेतीच्या हत्यारांना मोकळीक आहे, हे त्यांना समजावून सांगितले. "म्हणजे सरकारचंही मत माझ्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या.

परदेशी कारागीर आपल्या पात्यावर नाव उमटवतात, हे पाहून मी मामांना एकदा त्यांची खूण विचारली होती. ते हसले. "खूण कशाला, सर? शेवटायला माझ्याकडंच येतं की." पंचक्रोशीतला कोणताही कोयता ते हातात घेतात आणि तो कोणत्या साली केला, कोणाच्या घरी दिला हे सांगतात. मामा आता सत्तरीला आले आहेत. मुलगा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत संगणकावर चालणाऱ्या यंत्रापाशी उभा असतो, चांगला पगार घेतो. त्याने भात्यावर बसावे असे मामांना वाटत नाही आणि मलाही तसे सुचवायचा अधिकार नाही. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या मुलाला पोटापाण्याची कला टिकवायला सांगणे यासारखी स्वस्त गोष्ट नाही. पण मग भात्याची साखळी ओढायला रविवारी येतो कोण? मी. ज्याला त्यावर पोट भरायचे नाही, असा एकच शिष्य मामांना उरला आहे, हे मला मुळीच सुखाचे वाटत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी पहिल्यांदा कोयता केला. मुठीला पॉलिश नाही, बाभळीचे साधे लाकूड. आद्याक्षर कोरायला घेतले तेव्हा मामांनी माझ्या हातातली छन्नी काढून घेतली. तो कोयता भिंतीला टेकवून ठेवला होता. बाजाराच्या दिवशी वरच्या वाडीतले एक ठाकरबाबा आले. त्यांनी तो उचलला, डोळ्यांसमोर धरून धार पाहिली, मनगटात दोनदा फिरवला. "वजन म्होरं हाये, चांगलंय," म्हणाले. मी पैसे नकोत म्हणायला तोंड उघडतो तोच मामांनी किंमत सांगून टाकली : चारशे रुपये. बाबांनी तीनशे साठ दिले. मामांनी त्यातले कोळशाचे वजा केले आणि उरलेले माझ्या हातावर ठेवले. कोयता बाबांच्या आकडीत बसला आणि डोंगराकडे निघून गेला. माझ्या हातची वस्तू मला दिसेनाशी होण्याची ती पहिलीच वेळ. रात्री झोप लागली नाही. पहिल्याच घावाला पाते चिरले तर? मूठ सुटून कोणाच्या पायावर पडली तर? घरातल्या अकरा सुऱ्यांनी मला अशी भीती कधी घातली नव्हती.

पौष गेला, माघ गेला. बाबा बाजारात दिसले नाहीत. डोंगरात राबाचे टहाळ तोडणे चालू असणार, एवढे ठाऊक होते. होळी झाल्यावर एका रविवारी सकाळी मी चहा घेत होतो तर मामांच्या घरचे पोर धावत आले. "सर, बाबांनी बोलावलंय. लगीच."

गेलो. ठाकरबाबा उंबऱ्यापाशी तंबाखू मळत बसले होते. कोयता ऐरणीवर होता. पाते काळे पडले होते, दोन बोटांच्या रुंदीत धार बसली होती, मूठ तळहाताच्या घामाने गुळगुळीत झाली होती. कुठे चीर नव्हती. मामांनी तो उचलला, उलटासुलटा केला आणि माझ्यापुढे धरला.

"हा माझा न्हाई," ते म्हणाले. "तुमचं गिऱ्हाईक आलंय, सर. शेवटून द्या."

आणि ते स्वतः भात्याच्या साखळीपाशी जाऊन बसले.