पद एकाचे, गळा कोणाचा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक नवे संगीत नाटक आमच्या नगरीत आले. जाहिरात मोठी होती व तिकिटाचे दरही लहान नव्हते. प्रस्तुत लेखकास बालपणापासून संगीत नाटकाचे वेड. म्हणून नववीच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांस, पालकांची अनुज्ञा घेऊन, मी आग्रहाने बरोबर नेले. “एकदा पाहा, म्हणजे पदाची गोडी काय ती कळेल,” असे मी त्यांस सांगितले होते. ते शब्द आज मला परत घ्यावे लागत आहेत. आणि ज्या पालकांनी माझ्या भरवशावर पैसे दिले, त्यांस त्याचे कारण सांगणे हे माझे कर्तव्यच आहे.

पडदा वर गेला. देखावे नेत्रदीपक, पोशाख भरजरी. प्रकाशाची योजना तर अशी की, क्षणात अरण्य, क्षणात राजवाडा! नायिका पद म्हणू लागली तेव्हा सभागृह नादाने भरून गेले. पण वादक कोठेच दिसेनात. दुसऱ्या अंकात नायक धावत येऊन लागलीच गाऊ लागला. त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, सूर मात्र तिळभरही हालला नाही. पुढे एकदा त्याचे ओठ मिटले, तरी तान आपली चालूच! तेव्हा माझ्या शेजारी बसलेला मुलगा हळूच म्हणाला, “सर, हे गातंय कोण?”

गाणे अगोदरच ध्वनिमुद्रित करून ठेविले होते. नटमंडळी केवळ ओठ हालवीत होती.

वाचकहो, या मुलाच्या प्रश्नात आपल्या रंगभूमीचा सारा इतिहास सामावला आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस नाटकाचा पाया घातला, तेव्हा पदे सूत्रधार गाई व पात्रे त्यांस अनुसरून अभिनय व भाषणे करीत. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणिले, त्यात पदे पात्रांच्याच मुखी घातली. ज्याचे दुःख त्याचाच गळा, हे त्यांच्या सुधारणेचे मर्म होय. देवलांच्या ‘शारदे’त, १८९९ साली, पदांची भाषा इतकी साधी व घरगुती झाली की, बोलणे कोठे संपले व गाणे कोठे सुरू झाले हे कळू नये. आता एवढ्या प्रवासानंतर आपण गळा पुन्हा पात्रापासून तोडीत आहो. भाव्यांचा सूत्रधार निदान सर्वांसमक्ष उभा राहून गात असे. आजचा गाणारा तर दिसतही नाही.

जुने ते सर्व सोने, असे मात्र माझे म्हणणे नाही. ‘वन्स मोअर’च्या हौसेपायी पूर्वी एकेक पद लांबत जाई, प्रयोग उत्तररात्रीपर्यंत चाले आणि कथानक बिचारे कोपऱ्यात ताटकळत राही. ध्वनिक्षेपकासही माझा विरोध नाही. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाने हे दाखवून दिले की, गाणे हाच कथेचा प्राण असला म्हणजे नव्या काळातही प्रेक्षक तन्मय होतात. वादकांचा खर्च जड जातो, गाणारा नट दुर्मिळ झाला आहे, या अडचणीही खऱ्या आहेत. पण मग थोडी पदे असावीत, एक पेटी व एक तबला असावा, देखावे कमी असावेत. जे नाही ते आहे असे भासवून त्याचे मोल घेणे, हे मात्र प्रामाणिकपणाचे नव्हे.

माझे खरे दुःख निराळेच आहे. परतताना, आमच्या प्रार्थनासभेत पेटीवर साथ करणारा एक विद्यार्थी मला म्हणाला, “सर, असंच चालत असेल तर रोज पहाटे उठून सूर लावायचा कशाला?” मला तत्काळ उत्तर सुचले नाही. ते आज देतो. बाळा, जेथे चुकण्याचे भय नाही, तेथे साधलेल्याचा आनंदही नाही. सूर आता ढळतो की काय, म्हणून सारे सभागृह श्वास रोखून बसते आणि गाणारा तो सावरून नेतो. त्या क्षणी गाणारा व ऐकणारा एक होतात. आत्म्याने गावे तसेच बुद्धीनेही गावे, असा उपदेश पौलाने करिंथच्या मंडळीस केला. उसन्या गळ्यास या दोहोंपैकी एकही साधत नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनात आपली मुले स्वतःच्या गळ्याने गाणार आहेत. पालकांस एवढीच विनंती की, एखाद्याचा सूर चुकला तर हसू नये. तो चुकलेला सूर त्याचा स्वतःचा असेल. आणि जे स्वतःचे आहे तेच पुढे सुधारता येते.