हर की दूनसाठी एक दिवस जास्त द्या
पुण्या-मुंबईहून हिमालयात ट्रेक नेणाऱ्या आयोजकांना खुले पत्र

आयोजक मित्रांनो,



पुढच्या मोसमाचं वेळापत्रक ठरवायला तुम्ही बसला असाल. किती बॅच, कोणत्या शुक्रवारी सुटायचं, कोणता लीडर कुठल्या कॅम्पवर, पायथ्याच्या सांक्री गावातल्या खच्चरवाल्यांशी काय दर ठरला, ही जुळवाजुळव सोपी नसते. ते वेळापत्रक पक्कं व्हायच्या आत एक मागणी तुमच्यासमोर ठेवते. उत्तराखंडातल्या गोविंद राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या हर की दूनच्या ट्रेकमध्ये एक दिवस वाढवा, आणि तो ओसला गावात घालवा.

आम्ही मित्रमैत्रिणी सह्याद्रीत भटकत मोठे झालो. हर की दूनला आम्ही आपापल्या सॅका पाठीवर घेऊन आणि तिथलाच एक वाटाड्या सोबत घेऊन गेलो होतो. तंबू, स्टोव्ह, शिधा असं सगळं खांद्यावर असलं की चाल मंदावते, मुक्काम वाढतात. त्या मंद चालीमुळेच बहुधा आमच्यातल्या कुणाला उंचीचा त्रास झाला नाही.

ओसल्याच्या वरच्या एका कॅम्पपाशी मराठी बोलणं कानावर आलं म्हणून आम्ही तिकडे वळलो. आपल्याकडचीच मोठी बॅच होती. त्यातली एक मुलगी तंबूच्या दाराशी गुडघ्यात डोकं घालून बसलेली. रात्रभर डोकं ठणकत होतं, उलट्या झाल्या होत्या, सकाळचा चहाही पोटात ठरला नव्हता. लीडर पोरसवदा, मनाने चांगला मुलगा. त्याने तिला गोळी दिली, तिची सॅक खच्चरावर टाकायला लावली आणि म्हणाला, "हळूहळू चल, वर पोचलीस की बरं वाटेल." वर गेल्यावर हे दुखणं वाढतं, हे त्यालाही ठाऊक असणार. पण तो तंबू दुपारपर्यंत रिकामा करायचा होता, कारण खालून पुढची बॅच निघाली होती. तिला घेऊन उतरायला जास्तीचा माणूस नव्हता, आणि तिला तिथेच ठेवायचं तर जागा नव्हती. आमच्या वाटाड्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लीडरला म्हणाला, "इनको नीचे ले जाओ." आमच्यातले दोघं तिच्याबरोबर ओसल्यापर्यंत उतरले. संध्याकाळी ती एका घराच्या ओट्यावर बसून राजमा-भात खात होती.

मी त्या लीडरला दोष देत नाही. त्या सकाळी त्याच्या हातात असायला हवे होते ते सगळे निर्णय कितीतरी आधी इथे, शहरातल्या एका टेबलावर, होऊन गेले होते. म्हणून हे पत्र त्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

उंचीचे आकडे तुम्हाला पाठ असतील, तरी एकापुढे एक मांडून बघा. पुणे 560 मीटरवर. कळसूबाईचा माथा, महाराष्ट्रातली सर्वांत उंच जागा, 1646 मीटर. सांक्री 1900 मीटरच्या वर आहे, म्हणजे गाडीतून उतरतानाच तुमचा सहभागी आपल्या राज्यातल्या कुठल्याही शिखरापेक्षा उंच पोचलेला असतो. ओसला 2600 च्या आसपास. हर की दून सुमारे 3500, आणि तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश. पर्वतीय वैद्यकात सर्वमान्य असलेला दंडक सांगतो की, 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. ओसल्याच्या पातळीवरून निघून त्याच दिवशी हर की दूनला झोपायचं, तर ही वाढ 900 मीटरच्या घरात जाते. मध्ये कलकत्तियाधारला मुक्काम घातला तर चढ विभागला जातो, पण त्याआधी शरीराला थांबायला मिळालेलं नसतं. देहरादूनहून निघाल्यापासून ते रोज नव्या उंचीवर झोपत असतं.

"आमचे लोक तयारी करून येतात," असं तुम्ही म्हणाल. महिनाभर दर रविवारी सिंहगड चढून आलेली मुलं मीही पाहिली आहेत, आणि त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण सिंहगडाने दम वाढतो, मांड्या घट्ट होतात. उंचीची सवय मात्र उंचीवर रात्री काढूनच होते. किंबहुना तगडा गडी लवकर अडचणीत येऊ शकतो. तो भराभर चढतो, आणि डोकं दुखतंय हे चारचौघांत कबूल करत नाही. ॲसिटाझोलामाइडची गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारून घ्यायची असते, सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर जास्तच जपून. गाळलेल्या दिवसाच्या बदल्यात ती रांगेत वाटायची वस्तू नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. आकडा बरा दिसला म्हणून उलट्या करणाऱ्या माणसाला पुढे चालवत नेऊ नये. तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर एकच उपाय उरतो, आणि तो म्हणजे ताबडतोब खाली उतरवणं. मोठं रुग्णालय देहरादूनला, सांक्रीहून गाडीने आठ-दहा तासांवर. त्याआधी सांक्रीपर्यंत पोचायचं असतं.

दिवस का कापला जातो, ते मला कळतं. दोन शनिवार-रविवार आणि मधले पाच दिवस, एवढीच रजा नोकरदार माणसाला मिळते. त्यातले जाण्यायेण्याचे दिवस कमी होत नाहीत. मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड असा घाटाघाटाचा रस्ता एकेक दिवस खातोच. मग कात्री चालते ती डोंगरातल्या दिवसांवर. एकाने सहा दिवसांत नेलं की दुसऱ्याला सात दिवसांचा ट्रेक महाग वाटायला लागतो. पण रजा वाढवता येत नसेल तर टोक कमी करा. हर की दूनच्या पुढचा मारिंदा ताल गाळा. तेही नको असेल तर त्या रजेत बसेल असा खालचा ट्रेक लोकांपुढे ठेवा. ते तुमच्यावर विश्वास ठेवून येतात. त्यांना नीट कारण सांगितलं तर पुष्कळजण ऐकतील, हे मी अनुभवाने सांगते.

आता ओसल्याबद्दल. पुष्कळ बॅच नदीच्या अलीकडच्या सीमा नावाच्या वस्तीवरूनच पुढे सरकतात. पूल ओलांडून गावात जायला कुणाला वेळ नसतो. देवदाराच्या लाकडाची घरं, खाली गुरं आणि वर माणसं, उतारावर राजमा, बटाटा आणि चौलाईची शेतं, मधोमध लाकडी मंदिर. या मंदिराचं नाव लीडर लोक दुर्योधनाशी जोडून सांगतात. गावकरी तिथे सोमेश्वर पूजतात आणि ही गोष्ट ऐकून नाराज होतात. एक दिवस गावात काढला तर असल्या ऐकीव गोष्टी आपोआप गळून पडतील. सकाळी देवसू थाचच्या दिशेने चढावं, बुग्याळ, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, बघावं, दुपारनंतर उतरून गावातच झोपावं. उंच चढून खाली झोपणं हा सवय होण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि तो या गावात आयता मिळतो. मुक्कामाचे, जेवणाचे पैसे त्या घरांत जातील. 1955 साली इथे अभयारण्य झालं, पुढे राष्ट्रीय उद्यान. ही माणसं त्याच्या हद्दीत राहतात, त्याचे निर्बंध सोसतात. त्यांच्या दारावरून आपली माणसं मोसमभर जातात, आणि त्यातून त्यांच्या हाती काय पडतं हे तुम्हीच एकदा हिशेब करून पाहा.

गावात राहिलं की आणखी एक फरक पडतो. वरच्या थंडीत मैला फार हळू कुजतो. शौचाचा खड्डा खणून त्यावर तंबू उभारला आणि मोसम संपल्यावर माती लोटली, तरी तो तिथेच राहतो, आणि बर्फ वितळला की ओहोळांतून सुपिन नदीत उतरतो. सुपिन आणि रुपिन नैटवाडला मिळून टोन्स होते, टोन्स पुढे यमुनेला मिळते. वरच्या जितक्या रात्री खालच्या गावात आणता येतील, तितका हा भार हलका होईल. उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बुग्याळांवर रात्री मुक्काम करायला मनाई केली आणि तिथे जाणाऱ्यांची संख्या 200 च्या आत ठेवायला सांगितलं. बेदनी-आलीसारख्या बुग्याळांची दशा पाहून गावकरीच न्यायालयात गेले होते. तुमच्यातल्या काहींना तो निकाल जाचक वाटला. मला तो वेळेवर आलेला वाटतो.

बॅच बाराच्या आत ठेवा, हेही याच मागणीचं दुसरं अंग. बारा माणसं ओसल्याच्या घरांत मावतात, चाळीस मावत नाहीत. बारा जणांत एकीचं डोकं दुखतंय हे लीडरला जेवतानाच कळतं. 2024 च्या जून महिन्यात सहस्रतालच्या वाटेवर हवामान फिरलं आणि बावीस जणांच्या गटातले 9 ट्रेकर गेले. त्या दुर्घटनेची कारणं वेगळी होती, आणि त्यावरून कुणाला बोल लावायचा माझा हेतू नाही. पण हवामान फिरलं की गटाला एका दिवसाची सवड असणं आणि प्रत्येकाजवळ पोचू शकेल एवढी माणसं असणं, यावर किती अवलंबून असतं ते आपण सगळ्यांनी तेव्हा पाहिलं.

तुमचं माहितीपत्रक निघेल तेव्हा त्यात तीन गोष्टी छापा. प्रत्येक रात्रीची झोपण्याची उंची. बॅचमधली माणसं आणि त्यांच्याबरोबर असणारे प्रशिक्षित लीडर, दोन्हींची संख्या. आणि या प्रश्नाचं सरळ उत्तर: तिसऱ्या दिवशी सकाळी कुणाला पुढे जाता आलं नाही, तर तो कुठे राहील, आणि त्याच्याबरोबर कोण थांबेल?

ज्यांच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असेल त्यांच्याकडे आम्ही आमच्या ओळखीची मुलं पाठवू, आणि ज्यांच्याकडे नसेल त्यांना फोन करून विचारत राहू.

आपली,
एक ट्रेकर, पुणे